धूळपाटीपासून गृहपाठाच्या वहीपर्यंत

ज्युबिलीच्या प्रसंगीं निघणाऱ्या अंकांत देवळाच्या कोनशिलेचें, घंटेचें व वेदीचें वर्णन यावें, हें उचितच आहे. ज्यांच्या घामानें व पैशानें तीं कामें झालीं, त्यांचें स्मरण ठेवणें हें कृतज्ञतेचें लक्षण होय. परंतु देवळाच्या सावलींत आणखी एक वास्तु उभी असते. तिच्या भिंतींस फारसें कोणी नांवाजीत नाहीं. पण आपणांपैकीं बहुतेकांचें बालपण तिच्याच जमिनीवर मांडी घालून गेलें. ती वास्तु म्हणजे शाळा. तिच्या खोल्या किती, वर्ग किती, निकाल कसे लागले, हें सांगण्यास माझ्याहून अधिक माहितगार माणसें आहेत. मी त्याहून जुनी एक गोष्ट सांगणार आहे. मूल वर्गांत काय शिकत आलें, आणि तें शिकलेलें घरीं कसें पोंचत आलें, ही ती गोष्ट.

आरंभ माझ्या आजीपासून करितों, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. आजीला अक्षरओळख नव्हती. अंगठा उठवून व्यवहार करणारी ती बाई. पण केळीचे घड व भाजीची टोपली घेऊन बाजारांत बसली म्हणजे हिशेबांत तिला कोणी फसवूं शकत नसे. साडेतीन आणे डझन या भावानें सात डझन केळ्यांचे किती, असें विचारतां ती क्षणांत सांगे, “एक रुपया साडेआठ आणे.” हें तिला कोणी शिकविलें? तिच्या भावांनीं. भाऊ शाळेंत जात, आणि दिवेलागणीला ओटीवर बसून मोठ्यानें औटकी म्हणत. बहीण आंत चुलीपाशीं भाकरी थापीत ऐके. सातांची औटकी साडेचोवीस, हें तिच्या कानांत बसलें तें जन्मभर. शाळेनें तिला दाराबाहेर ठेविलें होतें. पण शाळेचा आवाज दार ओलांडून तिच्यापर्यंत आला.

ही गोष्ट मनांत ठेवून मागील पांचशें वर्षांकडे पाहिलें, तर शाळेच्या इतिहासांत एक धागा आपोआप दिसूं लागतो. तो धागा म्हणजे मुलाचा पाठ कोण ऐकतें, हा प्रश्न होय.

पंतोजींची शाळा

इंग्रजी अमलापूर्वीं आपल्या प्रांतांत शाळा नव्हत्या, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे एक सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं आपल्या टिपणांत असें नमूद करून ठेविलें कीं, आपल्या मुलखांत लहान असो वा मोठें, जेथें निदान एक शाळा नाहीं असें गांव क्वचितच आढळेल. ह्या शाळा म्हणजे पंतोजींच्या शाळा. एखाद्या सधन गृहस्थाची ओटी, देवळाचा मंडप किंवा झाडाची सावली, एवढीच तिची इमारत. पंतोजींचें वेतन म्हणजे मुलामागें थोडे पैसे, धान्य, आणि सणासुदीचा शिधा.

पहिला विषय लेखन. लांकडी फळीवर विटकरीची बारीक पूड किंवा धूळ पसरावयाची, आणि काडीनें अगर बोटानें त्यांत अक्षर काढावयाचें. हीच धूळपाटी. चुकलें तर फळी हलविली कीं चूक नाहींशी. हात वळला म्हणजे बोरू, दौत व कागद. आणि गुरुजींनीं घालून दिलेल्या कित्त्यावर पुन्हां पुन्हां हात फिरविणें. आजहि आपण एखाद्याचा कित्ता गिरवितों आणि एखाद्या विषयाचीं धुळाक्षरें शिकतों. पाटी गेली, पण तिचे शब्द भाषेंत राहिले. लिपि मुख्यत्वें मोडी, कारण कुळकर्ण्याचें दफ्तर व वाण्याची वही मोडींतच असे.

दुसरा विषय गणित, आणि तें सारें तोंडीं. पाढे तीसपर्यंत, त्यांच्या पुढें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. आजच्या मुलास ही नांवें मंत्राप्रमाणें वाटतील. पण त्यांच्यामागें व्यवहार होता. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. मणाचे शेर चाळीस, खंडीचे मण वीस. जेथें सारी मापें पाव, अर्धा व पाऊण यांनींच मोडत, तेथें अपूर्णांकांचे पाढे पाठ असणें म्हणजे बाजारांत डोळे उघडे असणें होय.

तिसरा भाग परवचा. सायंकाळीं घरीं दिवा लागला कीं दिवसभराचें सारें पाठांतर मुलानें वडील माणसांसमोर म्हणून दाखवावें, अशी चाल होती. गृहपाठ हा शब्द तेव्हां प्रचारांत नव्हता. पण खरा गृहपाठ हाच. त्यास वही लागत नसे, फक्त ऐकणारा लागे.

या शाळांचे दोषहि लपविण्याचें कारण नाहीं. छडी फार चाले. छापील पुस्तक नसल्यामुळें वाचनाची गोडी अशी लागत नसे. आणि मोठा दोष हा कीं, मुलींस व खालच्या मानिलेल्या जातींच्या मुलांस त्या ओटीवर जागा नव्हती.

घंटा घेऊन फिरणारे गुरु

आतां आपल्या समाजाच्या बाजूनें पाहूं. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास उतरले. ते हातीं घंटा घेऊन रस्त्यानें फिरत, आणि मुलें जमलीं म्हणजे त्यांस प्रार्थना व श्रद्धेचीं तत्त्वें म्हणावयास शिकवीत. पुढें दक्षिणेकडील मोतीं काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर त्यांनीं तेंच काम तमिळ भाषेंत केलें. कोचीनहून १५४४ च्या जानेवारींत रोममधील आपल्या सोबत्यांस त्यांनीं जें पत्र लिहिलें, त्यांत एक लहानशी गोष्ट आहे. शाळेंत जें शिकलां तें घरीं जाऊन आईबापांस, घरच्या सर्व मंडळींस आणि शेजाऱ्यांस शिकवा, अशी आज्ञा त्यांनीं मुलांस दिली होती.

वाचकहो, हाहि गृहपाठच होय. त्यांत मूल हेंच गुरु आणि घर हें शिष्य. परक्या देशांतून आलेल्या त्या धर्मगुरूस प्रत्येक झोंपडींत जाणें शक्य नव्हतें; मूल मात्र प्रत्येक झोंपडींत रोज संध्याकाळीं जातच होतें.

त्याच काळांत छापील पुस्तकें अवतरलीं. ज्वाव द बार्रुश या पोर्तुगीज पंडितानें लिस्बन येथें १५३९ सालीं मुलांकरितां एक वाचनपुस्तिका छापिली. तींत मुळाक्षरांबरोबर चित्रें होतीं. युरोपांत अशा पुस्तिकांच्या व पाट्यांच्या आरंभीं क्रूस काढण्याचा प्रघात होता, म्हणून मुळाक्षरांच्या ओळीसच क्रूसाची ओळ म्हणत. आपल्या इकडील मूल ओनाम्यानें आरंभ करी, तिकडील मूल क्रूसाच्या खुणेनें. विद्येच्या उंबरठ्यावर नमस्कार करावा, ही भावना दोहींकडे सारखीच.

वसईचा मुलूख १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. त्या काळीं देवळांजवळच्या शाळांतून प्रार्थना, वाचन, लेखन व गायन हे विषय शिकविले जात. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापलें गेलें, हें आपणांस ठाऊकच आहे. परंतु त्यांची दुसरी कृति शाळेच्या दृष्टीनें तितकीच महत्त्वाची. ती म्हणजे १६२२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेली कोंकणी धर्मप्रश्नोत्तरी. प्रश्न आणि उत्तर या रूपांत पाठ मांडला म्हणजे त्यास दोन माणसें लागतात, एक विचारणारें व एक सांगणारें. एकट्यानें तो पाठ पुरा होत नाहीं.

वर्ग कसा जन्मास आला

आज शाळा म्हटली कीं वर्ग, वर्ग म्हटला कीं एकाच वयाचीं मुलें, सर्वांच्या हातीं एकच पुस्तक, असें चित्र डोळ्यांपुढें येतें. पण हें चित्र फार जुनें नाहीं. आपल्या पंतोजींच्या शाळेंत काय किंवा युरोपांतील खेड्याच्या शाळेंत काय, गुरुजी एकेका मुलास जवळ बोलावून त्याचा पाठ घेत. बाकीचीं मुलें तोंवर गोंगाट करीत.

रोमच्या त्रास्तेव्हेरे नांवाच्या गरीब वस्तींत जोसेफ कालासान्स या स्पॅनिश धर्मगुरूनें १५९७ सालीं एका चर्चच्या दोन खोल्यांत मोफत शाळा उघडली. वाचन, लेखन व हिशेब हे विषय गरिबांच्या मुलांस फुकट शिकवावे, ही गोष्ट त्या काळीं पुष्कळांस विचित्र वाटली. हिशेब आला तर गरिबाचें मूल दुकानांत नोकरीस लागूं शकेल, असा त्यांचा सरळ विचार होता. पुढें १९४८ सालीं पोप बारावे पायस यांनीं ह्या संतास सर्व ख्रिस्ती लोकशाळांचे आश्रयदाते ठरविलें.

फ्रान्समध्यें रँस शहरीं संत जाँ बातिस्त द ला साल यांनीं १६८० च्या सुमारास शिक्षक-बंधूंचा संघ स्थापिला. त्यांनीं दोन मोठे बदल केले. पहिला असा कीं, मुलांस प्रथम लॅटिन वाचावयास न लावतां त्यांच्या स्वतःच्या फ्रेंच भाषेंत वाचन शिकविलें. दुसरा असा कीं, सारख्या तयारीच्या मुलांचा गट करून सर्वांच्या हातीं एकच पुस्तक दिलें; एकानें मोठ्यानें वाचावें, इतरांनीं तीच ओळ डोळ्यांनीं मनांत वाचावी, व गुरूनें केव्हांहि दुसऱ्यास पुढें वाचण्याची खूण करावी. अक्षरांचे व जोडाक्षरांचे मोठे तक्ते भिंतीवर टांगलेले असत. या पद्धतीचें नियमपुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १७२० सालीं, छापलें गेलें. आजच्या वर्गाचा पाया तोच.

मातृभाषेचा मुद्दा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. ज्या भाषेंत आई बोलते, त्याच भाषेंत मूल वाचूं लागलें, म्हणजे घरीं वाचलेला पाठ आईलाहि कळतो.

मद्रासची वाळू

यानंतरची हकीकत आपल्या धूळपाटीचा मान वाढविणारी आहे. अँड्र्यू बेल नांवाचे एक स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासेंतील एग्मोर येथील मुलांच्या अनाथाश्रमाचे व्यवस्थापक होते. शिक्षक अपुरे व निरुत्साही असल्यामुळें ते त्रासून गेले होते. एके दिवशीं घोड्यावरून जातांना एका देशी शाळेंतील मुलें जमिनीवर वाळू पसरून बोटानें अक्षरें काढीत असलेलीं त्यांस दिसलीं. कागद नको, शाई नको, आणि मूल मोठ्यास विचारून शिकतें आहे. आश्रमांत परत येऊन त्यांनीं तसेंच करण्यास शिक्षकांस सांगितलें. पण त्यांनीं तें मनावर घेतलें नाहीं. तेव्हां बेल यांनीं जॉन फ्रिस्कन नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे सर्वांत खालचा वर्ग सोंपविला, आणि मोठ्या शिक्षकांस जें साधलें नव्हतें तें त्या मुलानें साधलें.

बेल १७९६ सालीं परत गेले व दुसऱ्या वर्षीं लंडनमध्यें त्यांनीं या प्रयोगाचा वृत्तांत छापिला. तिकडे जोसेफ लँकेस्टर यांनीं १७९८ सालीं आपली शाळा काढून अशाच पद्धतीनें एका शिक्षकाच्या देखरेखीखालीं शेंकडों मुलें शिकविण्यास प्रारंभ केला. लहान मुलांस लिहावयास वाळूचे तबक असे. थोड्या वर्षांत ही मद्रास-पद्धति अनेक देशांत पसरली. आपल्या वर्गांत अजूनहि मॉनिटर असतो, तो ह्याच पद्धतीचा वारस आहे.

नवल असें कीं, हीच पद्धति फिरून विलायतेहून आपल्या मुंबईस आली! १८२२ सालीं मुंबईंत देशी शाळा व शाळापुस्तकें यांकरितां मंडळी स्थापन झाली. गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तीस पाठिंबा होता, आणि कॅप्टन जॉर्ज जर्विस हे तिचे चिटणीस होते. शिक्षक तयार करून जिल्ह्यांतून पाठविणें व मराठींत गणिताचीं वगैरे पुस्तकें करविणें, हें काम मंडळीनें हातीं घेतलें, आणि तिच्या शाळांत लँकेस्टरची पद्धति चालूं झाली. दक्षिणेंतील मुलांची वाळू लंडनचा शिक्का घेऊन पुन्हां याच देशांतील मुलांपुढें आली. घरची वस्तु परक्यानें वाखाणल्यावांचून आपण तिचा आदर करीत नाहीं, ही आपली जुनी खोड आहे.

सरकारी शाळा आणि दिपोटी

यापुढें विषय वाढले आणि छापील पुस्तक हें शाळेचें केंद्र बनलें. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ सालीं व दादोबा पांडुरंग यांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें. बाळशास्त्री जांभेकर यांनीं व्याकरण, भूगोल, इतिहास व गणित या विषयांवर मुलांकरितां लिहिलें, आणि शिक्षक तयार करण्याचा वर्गहि चालविला. परशुरामपंततात्या गोडबोले यांचें नवनीत १८५४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यामुळें जुन्या कवींचीं वेंचक काव्यें शाळेंतील मुलांच्या हातीं आलीं. त्याच वर्षीं वुडसाहेबांचा खलिता आला, पुढच्या वर्षीं शिक्षणखातें निघालें, आणि मेजर कँडी यांच्या देखरेखीखालीं क्रमिक पुस्तकांची माला तयार झाली. पहिलें पुस्तक, दुसरें पुस्तक, अशी इयत्तांची ओळख पुस्तकांच्या नांवानेंच होऊं लागली. धूळपाटीच्या जागीं चौकटींतली दगडी पाटी आली, आणि मोडीबरोबर बाळबोध लिपीस शाळेंत मानाचें स्थान मिळालें.

भूगोल हा विषय तर नवाच होता. पृथ्वी गोल आहे, हें मुलगा घरीं येऊन सांगूं लागला, तेव्हां कित्येक घरांत वाद माजले. येथवर मूल घरचेंच ज्ञान पाठ करून घरास म्हणून दाखवीत होतें. आतां तें घरास ठाऊक नसलेलें कांहीं घेऊन येऊं लागलें.

पण याच काळांत एक कीडहि लागली. इंग्लंडांत १८६२ सालीं असा नियम झाला कीं, परीक्षकापुढें मुलें वाचन, लेखन व गणित यांत जशीं उतरतील तशी शाळेस सरकारी मदत मिळावी. निकालावर पैसे देण्याची ही रीति आपल्या प्रांतांतहि आली. दिपोटी येणार म्हटलें कीं शाळा सारवल्या जात, मुलांस धुतलेले कपडे घालून आणण्यास सांगण्यांत येई, आणि ठराविक उत्तरें घोकून घेतलीं जात. परवच्याचें पाठांतर घरासाठीं व बाजारासाठीं होतें. हें पाठांतर दिपोटीसाठीं. दोन्ही घोकंपट्टीच दिसतात; पण पहिल्याचा उपयोग रोज होई, आणि दुसऱ्याचा उपयोग दिपोटीची पाठ फिरतांच संपे. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारनें १९०४ च्या ठरावानें ही पद्धति मोडीत काढली. नियम गेला, तरी मुलानें कोणासाठीं शिकावें याविषयींचा घोटाळा मागें राहिला.

ज्यांस ओटीवर जागा नव्हती

जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, आणि पुढें दिवसा राबणाऱ्या प्रौढांसाठीं रात्रीची शाळाहि चालविली. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें जोतीरावांनीं जें निवेदन केलें, त्यांत निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी आहे. प्राथमिक शाळेंत काय शिकवावें, हेंहि त्यांनीं मांडलें: मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचें साधें ज्ञान, नीति आणि आरोग्य यांवर थोडे पाठ. शेतकऱ्याच्या मुलास शेतीचा पाठ असावा, ही त्यांची सूचना आजहि विचार करण्यासारखी आहे. असा पाठ घरीं म्हणून दाखविला, तर बाप त्यांत चार शब्दांची भर घालूं शकतो.

सक्तीचें पाऊल प्रथम बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं उचललें. त्यांनीं १८९३ सालीं अमरेली प्रांतांत प्रयोग करून १९०६ सालीं तें सर्व राज्यांत लागू केलें. गोपाळ कृष्ण गोखले यांचें बिल १९११ सालीं आलें, पण तें नापास झालें. मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं म्युनिसिपालिट्यांकरितां कायदा झाला, त्याच्यामागून १९२३ व १९४७ चे कायदे आले. आणि सर्व देशांतील मुलांस शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळण्यास २०१० साल उजाडावें लागलें. मागणीपासून हक्कापर्यंत सव्वाशेंहून अधिक वर्षें गेलीं.

आपल्या उत्तरेस, डहाणूच्या बाजूस, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं जें केलें तें येथें सांगितलेंच पाहिजे. १९४५ सालीं बोर्डी येथें ताराबाईंनीं खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम सुरू केलें. पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आदिवासी मुलें गुरें राखण्यासाठीं रानांत जात, म्हणून शाळेंत येत नसत. तेव्हां मुलें जेथें होतीं तेथेंच, म्हणजे कुरणांत, शाळा नेण्यांत आली. पानें, बिया, शिंपले यांनीं मोजणी शिकविली. महाग साहित्य नाहीं म्हणून कोणतीहि शाळा अडून राहत नाहीं, हें मद्रासच्या वाळूनें जसें दाखविलें, तसेंच कोसबाडच्या कुरणानेंहि.

औटकी कोठें गेली?

१ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५८ पासून क्रमाक्रमानें शेर-मणाच्या जागीं किलोग्रॅम आला. हिशेब सोपा झाला, यांत संशय नाहीं. पण त्याबरोबर पावकी-औटकीचें कारणच नाहींसें झालें, आणि एका पिढींत तें पाठांतर मावळलें. मोडी लिपीहि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळेंतून गेली. १९६७ सालीं पाठ्यपुस्तकांचें राज्य मंडळ स्थापन झालें व बालभारतीचीं पुस्तकें घरोघरीं आलीं. माझी पिढी त्याच पुस्तकांवर वाढली.

दुसरीकडे लांकडाच्या लगद्यापासून कागद होऊं लागल्यामुळें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वही स्वस्त होत गेली होती. वही स्वस्त झाली, तसा घरचा अभ्यास तोंडावरून कागदावर उतरला. लेखी गृहपाठाचे लाभ पुष्कळ आहेत: हात स्थिर होतो, शुद्धलेखन सुधारतें, आणि गुरुजींस प्रत्येकाची चूक दिसते. पण लिहिण्यास आवाज लागत नाहीं. मूल कोपऱ्यांत बसून लिहितें आणि चुलीपाशीं बसलेल्या माणसास कांहीं ऐकूं येत नाहीं.

गृहपाठाच्या ओझ्याची तक्रारहि नवी नव्हे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें १९०१ सालीं पंधरा वर्षांखालील मुलांस गृहपाठ देण्यास कायद्यानें मनाई केली होती. तो कायदा पुढें टिकला नाहीं. आपल्या देशांत १९९३ सालीं यशपाल समितीनें मुलांवरील ओझ्याविषयीं अहवाल दिला. आणि २०२० च्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणानें दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, व तिसरी ते पांचवीपर्यंत आठवड्यास दोन तासांहून अधिक नसावा, असें सुचविलें. ओझें किती असावें, याचा विचार झाला हें बरें झालें. तें ओझें घरांत कोणी वांटून घेतें कीं नाहीं, हा विचार मात्र कायदा करूं शकत नाहीं.

घरचा कान

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्याकडे एका शाळेची व्यवस्था होती. वह्या स्वच्छ असल्या, रोज पालकांची सही असली, म्हणजे घरचा अभ्यास उत्तम चालला आहे, असें मी मानीत असें, आणि तसें सभांतून सांगतहि असें. एकदां एका मुलाची माता मजकडे आली. मुलगा परीक्षेंत साफ उतरला नव्हता. वहींत तर सर्व उत्तरें बरोबर! मी किंचित् रागानेंच विचारलें, “बाई, रोज सही करितां, मग त्याला कांहीं येत नाहीं हें तुम्हांस कळलें कसें नाहीं?” ती खालीं पाहून म्हणाली, “फादर, तें सगळें इंग्रजींत असतें. शिकवणीवाल्या ताई लिहून घेतात. मी आपली सही तेवढी करतें.”

मला त्या वेळीं फार लाज वाटली, आणि ती तिच्यामुळें नव्हे. तिच्या घरांत रोज संध्याकाळीं शाळा येत होती, पण तिच्याशीं बोलत नव्हती. माझी आजी निरक्षर असूनहि पाठ ऐकणारी होती. ही बाई दहावीपर्यंत शिकलेली असूनहि केवळ सही करणारी झाली होती. मीं पाहिली ती वही. त्या घरांतला आवाज मीं कधीं विचारलाच नाहीं.

इंग्रजी शिकूं नये, असें मी म्हणत नाहीं. मुलांस पोट भरावयाचें आहे, जगांत हिंडावयाचें आहे. जुनी औटकी परत आणा किंवा छडी परत आणा, असेंहि कोणी समजूं नये. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, कोणत्याहि भाषेंत शिकलेला पाठ मुलानें घरच्या भाषेंत घरच्या माणसांस सांगावा. विज्ञानाच्या पुस्तकांत पाण्याची वाफ कशी होते हें इंग्रजींत असेल. तें त्यानें आजोबांस मराठींत समजावून द्यावें. आजोबा विचारतील, “मग आपल्या विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत आटतें तें याचमुळें काय?” अशा एका प्रश्नानें जो अभ्यास होतो, तो दहा उत्तरें उतरवून होत नाहीं. ज्याला दुसऱ्यास सांगतां येतें, त्यालाच तें आलें. झेवियर यांनीं किनाऱ्यावरच्या मुलांस दिलेली आज्ञा हीच, आणि बेल यांनीं आठ वर्षांच्या मुलाच्या हातून जें साधलें तेंहि हेंच.

म्हणून या ज्युबिली-वर्षीं धर्मग्रामांतील प्रत्येक घरास माझी एक विनंती आहे. संध्याकाळची प्रार्थना झाली कीं अर्धा घटका, म्हणजे अवघीं बारा मिनिटें, घरांतील यंत्रें बंद ठेवावीं. मुलानें त्या दिवशीं शिकलेली एक गोष्ट उभें राहून मोठ्यानें सांगावी. ऐकणारानें शिकलेलें असलेंच पाहिजे, असें नाहीं. त्यानें लक्ष मात्र दिलें पाहिजे. शिक्षकांसहि विनंती आहे कीं, आठवड्यांतून एकदां तरी गृहपाठ असा द्यावा, जो आजीला विचारल्यावांचून किंवा बापास सांगितल्यावांचून पुरा होणार नाहीं. जुन्या मापांचीं नांवें, वाडींतील झाडांचे उपयोग, घरचा महिन्याचा हिशेब, असे विषय थोडे आहेत काय?

आजीची एक आठवण सांगून लेखणी खालीं ठेवितों. मी दुसरींत असतांना सातांचा पाढा मला नीट येत नव्हता. आजीला काय कळतें, असें मनांत आणून मीं एका संध्याकाळीं बेचाळिसावरून एकदम छप्पन्नावर उडी मारिली आणि मोठ्या ऐटींत सत्तरापर्यंत जाऊन थांबलों. आजी तांदूळ निवडीत होती. तिनें मान वर केली नाहीं. “मध्यें एक पायरी गळली,” एवढेंच ती म्हणाली, “परत खालून ये.”

मी परत खालून आलों. सत्तरावर पोंचेपर्यंत तिचे हात तांदळांत तसेच थांबलेले होते.